नव्या पुलाची तसदी

नव्या पुलाच्या उद्घाटनाला माझ्या शाळेतल्या मुलींनी स्वागतगीत म्हणावं, असं दादाने मला जेवताना सांगितलं. मी त्याला ताक वाढत होते. वाढता वाढता मी थांबले आणि त्याच्याकडे बघत राहिले. ज्या पुलापायी येत्या सोमवारपासून माझी शाळा बंद पडणार होती, त्याच पुलाचं स्वागत त्याच शाळेने करायचं होतं, आणि हे सांगताना माझा थोरला भाऊ अगदी शांतपणे भाताचं आळं करत होता.

"पुलावर बंडीला मनाई आहे ना?" मी विचारलं. "मग मुली काय उडत येणार?"

"त्या दिवसापुरती खास इजाजत मिळवली आहे," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात चक्क अभिमान होता. "मी स्वतः जाऊन बोललो. इंजिनियरसाहेब फार भला माणूस. लगेच हो म्हणाला."

"एक दिवस गाण्यापुरती इजाजत मिळते, आणि रोज शिकायला जाण्यापुरती मिळत नाही?"

"इंदू, ती वेगळी बाब आहे. उद्घाटनाच्या आधी असली गाऱ्हाणी घेऊन जायचं बरं दिसत नाही."

बरं दिसत नाही! आमच्या घराण्याची चार पिढ्यांची सरकारी नोकरी या तीन शब्दांवर झाली. पणजोबांपासून सगळे कचेऱ्यांमध्ये, अदालतींमध्ये. फारसी पाठ, उर्दू अक्षर मोत्यासारखं, वागणूक अशी की कुणी पायावर पाय दिला तरी आमची माणसं "माफ करा, माझाच पाय मध्ये आला" म्हणणार. दादा, म्हणजे बाळकृष्णराव, अदालतीत सरिश्तेदार होता. कचेरीतली कागदपत्रं त्याच्या हाताखालून जात, आणि शहरात त्याच्या सभ्यपणाचे दाखले देत. मी त्याची धाकटी बहीण, विधवा, भावाच्या घरी राहणारी आणि वर शाळेत शिकवणारी. म्हणजे बोलणी खायला तिन्ही बाजूंनी मोकळी.

आम्ही राहायचो काचीगुड्याला. शाळा होती नाल्यापलीकडे, नारायणगुड्याच्या बाजूला. मराठी मुलींची, मिडलपर्यंतची. दोन खोल्या, एक पडवी आणि आम्ही तिघी बायका शिकवायला. बहुतेक मुली आमच्याच बाजूच्या, आमच्यासारख्याच घरांतल्या, वकिलांच्या, मास्तरांच्या, सरकारी नोकरांच्या. या घरांमध्ये मुलगी जरा मोठी झाली की तिने रस्त्यावरून पायी चालायचं नाही, ही रीत. गावाकडच्या आमच्या नातेवाइकांना याचं हसू येई, पण शहराचं पाणी चार पिढ्या पिऊन आमच्यात पडदा असा मुरला होता. म्हणून शाळेने एक बंडी ठेवली होती. वरती छप्पर, दोन्ही तोंडांना निळे पडदे, पेंटय्या नावाचा गाडीवान आणि दोन म्हातारे बैल. सकाळी ती दारोदार फिरून मुली गोळा करी, नाला ओलांडून शाळेत पोचवी आणि संध्याकाळी परत आणी. बंडी होती म्हणून शाळा होती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

आणि नाल्यावर होता जुना पूल. तीन कमानींचा, दगड आणि चुना, अरुंद. समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला थांबावं लागे. मोठ्या तुघ्यानीत, म्हणजे महापुरात, शहर धुऊन निघालं, थोरामोठ्यांचे वाडे वाहून गेले, पण या पुलाचा एक दगड हलला नव्हता. त्याच्यावर एक रिवाज होता. कुणी घातला ते देव जाणे, पण सगळे पाळायचे. पुलाशी पडद्याची सवारी आली की बाकीच्यांनी थांबायचं. घोडागाडी असो, कोतवाल असो, कुणी असो. पलीकडच्या तोंडाला कुणी दिसलं की पेंटय्या नुसता "जनाना!" म्हणून ओरडायचा, आणि समोरचा बाजूला होऊन उभा राहायचा. दिवसभर घरात "तू मागे हो, तू नंतर जेव, तू मध्ये बोलू नको" ऐकणाऱ्या माझ्या मुलींना त्या पुलावर तेवढा वेळ सगळं शहर वाट देई. पडद्याच्या फटीतून बघत त्या हसायच्या. मीही हसायचे.

मग मोटारी आल्या. नाल्यापलीकडे एका नवाबसाहेबांची देवडी, म्हणजे हवेली होती. त्यांची काळी मोटार रोज सकाळी आमच्या बंडीच्या वेळेलाच पुलाशी यायची, आणि थांबायची. मोटारीची काच खाली असे, आत नवाबसाहेब वर्तमानपत्र वाचत असत, आणि आमचे बैल आपल्या चालीने पूल ओलांडत.

एके दिवशी हुकूम निघाला की पूल कमकुवत आहे, तो पाडून लोखंडी पूल बांधायचा. कमकुवत! पाडायला गेले तेव्हा पहारी वाकल्या, मजूर थकले, शेवटी सुरुंग लावावे लागले, आणि सुरुंगाने आजूबाजूच्या घरांच्या काचा फुटल्या तरी मधली कमान जागची हलेना. मी शाळेच्या पडवीत उभी राहून ते आवाज ऐकत होते, आणि खोटं कशाला बोलू, पहिले काही सुरुंग फुकट गेले तेव्हा मला फार बरं वाटलं. शेवटी कमान पडली. त्या दिवशी मी मुलींना सुट्टी दिली, कारण मला शिकवताच येईना.

गल्लीत सगळे म्हणत होते की नवाबसाहेबांच्या मोटारीला थांबावं लागतं म्हणूनच हा घाट घातला. मलाही तसंच वाटलं. वर्षभर मी त्या माणसाला मनातल्या मनात काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. बसल्या बसल्या थांबायचं, तेही गादीवर, आणि तेवढंही सोसलं नाही याला!

वर्षभर नाल्यात मातीचा कच्चा भराव होता, त्यावरून बंडी हेंदकाळत जायची. मुलींची डोकी छपराला आपटायची. आम्ही ते सोसलं, कारण पूल होणार होता. पूल झालाही. रुंद, सपाट, वर काळंभोर गुळगुळीत डांबर. आणि तो झाल्याबरोबर येत्या सोमवारी भराव काढायचं ठरलं, आणि पुलाच्या तोंडाशी पाटी लागली की लोखंडी धावेच्या चाकांना पुलावर मनाई आहे, डांबर खराब होतं. मोटारी जातील, सायकली जातील, माणसं पायी जातील. बंड्यांनी पार शहराला वळसा घालून, बेगम बाजारच्या मालगाड्यांच्या रांगेतून लांबच्या पुलाने यायचं. आमच्या बैलांनी तो वळसा घेतला असता तर मुली शाळेत पोचेपर्यंत शाळा सुटायची वेळ झाली असती.

म्हणजे जिथे पडद्याची सवारी सगळ्यांत आधी जायची, तिथे आता फक्त तिलाच मनाई. बाकी सगळ्यांनी जायचं.

मी घरोघर गेले. म्हटलं, पूल रुंद आहे, कडेने पायवाट आहे, मी पुढे चालते, दुसऱ्या बाई मागे चालतील, मुलींना मधून नेऊ. सगळ्यांनी मला बसायला पाट दिला, चहा दिला, आणि एकानेही हो म्हटलं नाही. श्रीनिवासराव वकील तर म्हणाले, "बाई, तुमची तळमळ आम्हाला समजते. पण मुली अशा उघड्या रस्त्यावरून, मोटारींच्या मधून... आमचं नाव आहे." त्यांच्या नावासाठी त्यांची सरोज घरी बसणार होती. त्यांनी मला दारापर्यंत पोचवलं, पानाचा विडाही दिला. असल्या गोड नकारावर भांडायचं तरी कसं?

आणि आमच्या घरात कमल होती, दादाची मुलगी. तेरा वर्षांची. शाळेत तिच्यासारखी हुशार मुलगी माझ्या हाताखालून गेली नाही. तिची मिडलची परीक्षा पुढच्या वर्षी होती. ती पास झाली असती तर पुढे शिकवायचं मी ठरवलं होतं, आणि वहिनीही हळूहळू वळत होती. पण गुलबर्ग्याहून एक स्थळ आलं होतं. दादाने त्यांना इतके दिवस "मुलगी शिकते आहे" म्हणून थांबवलं होतं. आता तो म्हणाला, "शाळाच बंद होते आहे, तर त्यांना किती ताटकळत ठेवायचं? त्यांनाही तसदी." त्याचं कमलवर प्रेम नव्हतं असं नाही. तिला ताप आला की तोच रात्ररात्र बसायचा. पण कुणाला तसदी द्यायची म्हटलं की त्याच्या अंगावर काटा यायचा, आणि कमलला शिकवणं म्हणजे आता गुलबर्ग्याच्या लोकांना तसदी होती.

आमच्या घरातली मुलं बोलायला शिकतात तीच मुळी 'नको' म्हणायला. कुणाच्या घरी गेलं, कुणी खाऊ पुढे केला, तर पहिल्यांदा नको, दुसऱ्यांदा नको, तिसऱ्यांदा खूपच आग्रह झाला तर वडिलांकडे बघायचं आणि त्यांनी मान हलवली तरच हात पुढे करायचा. कमल चार वर्षांची असताना दादा तिला ईदला त्याच्या कुण्या साहेबाच्या देवडीवर घेऊन गेला होता. बेगमसाहेबांनी मिठाईचं ताट पुढे करून "होना?", म्हणजे हवं का, असं विचारलं, आणि ही खणखणीत "होना!" म्हणाली. दादाने घरी येऊन तिला अंगठा आणि बोट यांच्यात धरून असा चिमटा काढला की दंडावर निळा डाग उठला. त्यानंतर कमलने कधी काही मागितलं नाही. शाळा सुटणार हे कळलं तेव्हाही तिने मला एवढंच विचारलं, "आत्या, माझं भूगोलाचं पुस्तक शाळेला परत द्यायचं का?" मी तिच्यावर खेकसले. राग दुसऱ्याच कुणावर होता, पण समोर तीच होती.

तर स्वागतगीत. ते श्रीनिवासराव वकिलांनी स्वतः रचलं होतं. 'सेतू नवा हा, भाग्य नवे' अशी सुरुवात होती आणि पुढच्या कडव्यांत इंजिनियरसाहेबांची तुलना थेट समुद्रावर सेतू बांधणाऱ्या वानरवीराशी केली होती, स्तुती म्हणूनच. मी म्हटलं, ठीक. म्हणतो आम्ही. दादाला इतकं हायसं वाटलं की त्याने दुसऱ्या दिवशी मुलींसाठी पेढे आणले.

उद्घाटनाच्या दिवशी पुलाच्या काचीगुड्याच्या तोंडाशी शामियाना होता. बँड होता, अत्तर होतं, चांदीच्या तबकात हार होते. आमच्या बाजूचे सगळे कर्ते पुरुष शेरवान्या आणि डोक्यावर दस्तारी चढवून रांगेत उभे होते, दादा सगळ्यांत पुढे. फीत नारायणगुड्याच्या तोंडाशी नवाबसाहेबांच्या हातून कापली जाणार, मग त्यांची मोटार पुलावरून पहिली येणार, आणि ती शामियान्याशी पोचली की बंडीतून मुलींनी पडद्याआडून गाणं म्हणायचं, आणि मग बंडीने पूल ओलांडून शाळेकडे जायचं. बंडी रस्त्याच्या कडेला, झाडाखाली उभी केली होती. आत मुली दाटीवाटीने बसल्या होत्या, नवी परकर-पोलकी घालून. कमल माझ्या शेजारी होती.

पलीकडे बँड वाजला. फीत कापली. लांबून ती काळी मोटार पुलावर चढताना मला दिसली, आणि मग मला राहवलंच नाही.

"पेंटय्या, चला."

"किधर, अम्मा?"

"पुलावर. बीचमें से."

पेंटय्याने मागे वळून माझ्याकडे बघितलं. "मोटर आरी ना, अम्मा."

"आने दो. आज अपन को इजाजत है."

तो हसला. बैलांच्या शेपट्या पिरगाळून त्याने बंडी सरळ पुलावर घातली. लोखंडी धावा त्या नव्या डांबरावर अशा काही खडखडल्या की बँडवाले वाजवायचे थांबले. मागून दादाचा "इंदू! अगं इंदू!" असा आवाज आला. बंडी पुलाच्या मधोमध चालत राहिली, मोटार समोरून येत राहिली, आणि पेंटय्याने जुन्या सवयीने मान वर करून हाळी दिली, "जनाना!"

पूल रुंद होता. मोटारीला कडेने जायला हवी तेवढी जागा होती. पण मोटार थांबली. नुसती थांबली नाही, सावकाश मागे गेली आणि एका बाजूला उभी राहिली. दार उघडून नवाबसाहेब स्वतः खाली उतरले आणि रिवाजाप्रमाणे बंडीकडे पाठ करून कठड्याशी उभे राहिले. वयस्कर, किडकिडीत, जाड चष्मा लावलेला माणूस. माझ्या मनातला राक्षस काही तसा नव्हता.

तेवढ्यात दादा धावत आला. त्याची दस्तार कानावर आली होती. तो बंडीकडे फिरकलाही नाही. सरळ नवाबसाहेबांच्या समोर जाऊन हात जोडून वाकला. "माफी सरकार, माफी. औरतों की नासमझी है. आप को तसदी हुई."

नवाबसाहेब हसले. "राव साहब, आप फिर माफी मांग रहें? उस दिन भी यहींच मिले थे आप. जब पुराने पुल पर हमारी मोटर रुकी थी. हम बोले थे ना, हम को कुछ तकलीफ नहीं. सुबह का वही एक वक्त था जब हम आराम से अखबार पढते थे. फिर भी आप ने महकमे में दरखास्त दे दी कि पुल तंग है, नवाब साहब को रुकना पडता है. हम समझे, आप लोगों को नया पुल होना."

मला आधी वाटलं मी चुकीचं ऐकलं. मग दादाची मान खाली गेली, आणि मला कळलं की मी अगदी बरोबर ऐकलं होतं.

वर्षभर मी ज्याला शिव्या दिल्या त्याने काही मागितलंच नव्हतं. त्याच्या वतीने मागितलं होतं आमच्या दादाने. कुणी न केलेल्या तक्रारीची आमच्या सरिश्तेदारांनी माफी मागितली होती, आणि नुसत्या माफीने समाधान झालं नाही म्हणून एक अख्खा पूल पाडून दिला होता. आपल्या घरच्या मुलींच्या बंडीसाठी एक मोठा माणूस थांबतो, याची त्याला लाज वाटली होती! अभिमान नाही, लाज! तुघ्यानीने जे केलं नाही ते आमच्या सभ्यपणाने करून दाखवलं.

मी पडदा बाजूला केला. परक्या पुरुषासमोर आमच्या घरातल्या बाईने तोंड उघडण्याची ती पहिलीच वेळ असेल. असू दे.

"दादा," मी म्हटलं, आणि माझा आवाज इतका चढला की शामियान्यापर्यंत गेला असेल, "त्यांना सांग. सांग की ज्या बंडीसाठी ते थांबले तिला सोमवारपासून या पुलावर पाय ठेवायची मनाई आहे. सांग की शाळा बंद होते आहे. त्यांच्यासाठी दरखास्त देता येते तुला, तुझ्या मुलीसाठी जीभ उचलत नाही?"

नवाबसाहेब पाठमोरेच होते, पण त्यांना मराठी कळत असावं, शहरात कुणाला कळत नाही? त्यांनी मान किंचित वळवली. "बच्चियों की बंडी को मना है? किसने किया?"

"डांबर के वास्ते, सरकार," दादा म्हणाला. "कायदा है."

"डांबर फिर बिछ जाता, राव साहब. हम आज ही बोल देते हैं. एक बंडी से पुल का क्या होता?"

झालं होतं! दादाने फक्त गप्प राहायचं होतं. तोंडातून एक अक्षर काढायचं नव्हतं. पण माझ्या भावाने दोन्ही हात वर केले, मान जोरजोरात हलवली आणि आमच्या घराण्याच्या सगळ्या पिढ्या एकदम त्याच्या तोंडून बोलल्या. "नहीं नहीं सरकार, नक्को. इत्ती-सी बात के लिए आप तसदी नक्को उठाओ. लडकियों का क्या, आज नहीं तो कल घर बैठनाच है."

त्याला ते खरोखर नको होतं असं नाही. ते पहिलं नको होतं. समोरच्याने आग्रह करायचा, मग दुसरं नको, मग तिसऱ्या वेळी मान तुकवायची. मुलीच्या आयुष्याचं ताट पुढे आलं होतं आणि हा मिठाईची रीत पाळत होता. पण नवाबसाहेबही त्याच रितीत वाढलेले. दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत फार आग्रह करणं त्यांनाही बरं दिसलं नसावं. ते म्हणाले, "जैसी आप की मर्जी," आणि मोटारीकडे वळले. दोन भली माणसं एकमेकांना अदबीने सलाम करत होती आणि त्यांच्या मधून माझी शाळा चालली होती. मला विलक्षण संताप आला.

तेव्हा बंडी हलली. मी वळून पाहिलं तर माझ्या शेजारची जागा रिकामी होती. कमल मागच्या तोंडाने उडी मारून खाली उतरली होती. पडदा नाही, आडोसा नाही, भर दुपारच्या उन्हात, सगळ्या शामियान्यासमोर. परकर सावरत ती मोटारीच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

"होना," ती म्हणाली.

नवाबसाहेबांचा पाय मोटारीच्या पायरीवर होता. तो त्यांनी खाली घेतला.

"हम को होना," कमल म्हणाली. "बंडी होना. इस्कूल होना. बाबा नक्को बोले सो उनकी आदत है. आप बोल दो. आज ही बोल दो."

दादाचा हात तिच्या दंडाकडे गेला होता. तो तिथेच, हवेत राहिला.

नवाबसाहेब खाली बघून, अगदी गंभीरपणे म्हणाले, "बोल देते हैं, बेटा. वादा रहा." मग त्यांना हसू आलं. लहान मुलाने हट्ट केला की मोठ्या माणसांना येतं तसं. "और कुछ होना?"

कमलने विचार केला. तिला खरंच विचारलं आहे असं समजून तिने विचार केला.

"पुराना पुल होना था," ती म्हणाली. "पर वो तो आप लोग तोड दिये."

नवाबसाहेबांचं हसू मावळलं. त्यांनी कठड्यावरून खाली नाल्याकडे बघितलं. तिथे जुन्या कमानींचे दगड अजून पडलेले होते, अर्धे पाण्यात. त्या भल्या माणसाचाही मला त्या वेळी रागच आला, खरं सांगते. आपल्या नावावर जे चाललं आहे ते ज्याला एका शब्दाने थांबवता आलं असतं, त्याने वर्षभर तो शब्द काढलाही नव्हता. पुढे त्यांनी वचन पाळलं, सोमवारी पाटी उतरली, बंडी सुरू झाली, पण आभार मानायला मी गेले नाही. गल्लीतले सगळे गेले, हार घेऊन.

ते नंतरचं. त्या वेळी पुलावर दादाने आपला हात हळूच खाली घेतला. त्याने दस्तार सरळ केली. त्याचा चेहरा असा झाला होता की माझा संताप क्षणभर अडखळला, पण क्षणभरच.

"कमल," तो हळू आवाजात म्हणाला, "बैस आत. सगळे बघताहेत."

कमलने त्याच्याकडे बघितलं. चिमट्याच्या भीतीने बघायची तशी नाही, नुसती.

"नको, बाबा," ती म्हणाली.

आणि ती पुढे चालू लागली, पुलाच्या मधून, बैलांच्या पुढे. पेंटय्याने कासरे सैल सोडले आणि बंडी तिच्या मागे निघाली. नवाबसाहेब कठड्याशी उभे होते, मोटार बाजूला उभी होती, पलीकडच्या तोंडाशी इंजिनियरसाहेब हार हातात घेऊन उभे होते. त्यांच्या जवळून जाताना बंडीतून सरोजने एकटीनेच 'सेतू नवा हा' सुरू केलं. मी तिला गप्प केलं.

कमल पार शाळेपर्यंत चालत गेली.